उपाशी तोंड

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मदाम सुहैर आपल्या टेबलावरून उठली, रिफअतच्या टेबलाशी आली, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहून खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "उस्ताज, आज सूर्यास्ताच्या बांगेला माझ्या मुलीचं, दुनियाचं नाव घ्याल का? गुरुवारी तिच्या गळ्याजवळची गाठ काढणार आहेत. गुरुवारी तर घ्याच. उपास सोडतानाचं मागणं वरून परत येत नाही म्हणतात." रिफअतच्या हातात पेन्सिल होती. एकोणीसशे चोवीस सालच्या नकाशावरचा, आता बुजवलेला एक कालवा तो नव्या कागदावर उतरवून घेत होता. पेन्सिल तशीच धरून तो म्हणाला, "कोणाचा उपास?" सुहैर ओठावर बोट ठेवून हसली. "राहिलं. मी काही बोलले नाही. झाकली मूठ झाकलीच राहू द्या. पण अहो, एका खोलीत बसतो आपण, आम्हाला कळत नाही होय? रमजानात सगळ्यांच्याच तोंडाला येतो तो वास, तुमच्या तोंडाला बारा महिने येतो. अम्म गाबिर तर म्हणतो, हा माणूस रोजच धरतो. मी म्हणते सोमवार-गुरुवार. आपण कशाला मोजायला जावं? ज्याचं त्याचं देवाशी." एवढं बोलून ती आपल्या जागी गेली, आणि अलेक्झांड्रियाच्या भूमापन कचेरीतल्या नकाशाखात्यात पंचवीस वर्षं इमानानं रेघा ओढलेल्या रिफअतची पेन्सिल पहिल्यांदाच कालव्याच्या काठावरून घसरून पाण्यात गेली.

एका वाक्यात दोन गोष्टी कळल्या होत्या आणि आधी कशाचा धक्का घ्यावा हे त्याला उमगेना. त्याच्या तोंडाला घाण वास येतो. आणि त्या वासापायी अख्खी कचेरी त्याला साधुपुरुष समजते. तिसरी गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती: तीन वर्षांत त्यानं एकही उपास केलेला नव्हता, रमजानातलासुद्धा नाही. रमजानात तो स्वयंपाकघराची झडप लावून घ्यायचा आणि उभ्या उभ्या, भांड्यातूनच, कालचं फूल, ते घेवड्याच्या दाण्यांचं कालवण, पावाबरोबर खायचा. शेजारच्या भिंतीला आवाज जाऊ नये म्हणून चमचासुद्धा घ्यायचा नाही. त्याचा त्याला आनंद नव्हता आणि पश्चात्तापही नव्हता. बंद पडलेल्या दुकानाची पाटी कोणी उतरवत नाही, तसा तो मुसलमान राहिला होता. आता त्याच्या डोळ्यांपुढून गेले आठ महिने उलटे फिरू लागले. अम्म गाबिर, कचेरीत चहा देणारा म्हातारा, एके सकाळी त्याच्यापुढं ट्रे घेऊन वाकला होता, काहीतरी हुंगल्यासारखं करून मागं सरला होता आणि "माफ करा उस्ताज, माझं लक्ष नव्हतं," असं पुटपुटत निघून गेला होता. त्या दिवसापासून रिफअतच्या टेबलावर चहा आला नाही. मागावा तर मान आड आली. तो खोलीत शिरला की लोक पाव कागदात गुंडाळून खणात ढकलायचे, गप्पा थांबायच्या, सिगारेट विझायची. त्याला वाटलं होतं, आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. रात्रंदिवस त्यानं आठवून पाहिलं होतं की आपण कोणाचं काय घोडं मारलं. शेवटी, लोक असेच असतात, असं ठरवून त्यानंही बोलणं टाकलं. आणि ते सगळे बिचारे त्याच्या उपासाला जपत होते. आदरानं. तोंडावर बोलून दाखवलं तर त्याचं पुण्य कमी होईल म्हणून.

जिन्याच्या कोपऱ्यात जाऊन त्यानं तळहात तोंडापुढं धरला, श्वास सोडला, हुंगला. काही नाही. मनगट चाटून हुंगलं. थोडा शाईचा, थोडा आपलाच वास, ज्याला वास म्हणता येत नाही. हे मोठं चमत्कारिक होतं. नाकाखाली दोन बोटांवर तोंड, पन्नास वर्षांचा शेजार, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. गावाला माहीत, घरधन्याला नाही. पण असं कसं झालं? कोणीतरी सांगायला हवं होतं. आणि मग त्याला कळलं की सांगणारं माणूस होतं, तेच गेलं. त्याची बायको इनायात, दमियातची, फटकळ. तिच्या जिभेला हाड नव्हतं. अंथरुणात पाठ करून म्हणायची, "तिकडं कर तोंड! आत मांजर मेलंय की काय? ऊठ, दात घासून ये." तो चिडून उठायचा, घासून यायचा, आणि मग तीच त्याला ओढून घ्यायची. कांदा खाल्ला की मागोमाग अजमोद्याची काडी हातात कोंबायची. तेवीस वर्षं तो याला कटकट म्हणत आला होता. बहिणीजवळ त्यानं कितीदा कुरकुर केली होती, की इनायात मला माणसांत बसू देत नाही, आधी माझं तोंड हुंगते. तिच्यामागं तीन वर्षं त्याचं तोंड कोणी हुंगलं नव्हतं. जिन्यात उभ्या उभ्या त्याला तिची आठवण आली. तिचा चेहरा आठवला नाही. पाठ आठवली, आणि तिच्या झग्याला येणारा निळीचा वास.

कारण काय, हे मात्र समजायला हवं होतं. रिफअतचा पिंडच तसा. नदी कुठं वळली हे कळलं तरी त्याचं भागत नसे, का वळली ते लागायचं. घरी जाताना तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडं शिरला. तोंडापुढं रुमाल धरून, एका मित्राला असा त्रास आहे, असं म्हणाला. औषधवाला म्हणाला, "मित्राला सांगा, पोट. शंभरातल्या नव्वदांना पोट. पोटात जंतू असतो, तो गॅस करतो." रुमालामागून रिफअतनं विचारलं, बाकीच्या दहांना काय असतं? "त्यांना सांगणारं कोणी नसतं," तो हसत म्हणाला आणि पुदिन्याच्या गोळ्यांची डबी पुढं केली. संध्याकाळी बहीण करीमाला फोन लावला तर ती किंचाळलीच. "यकृत! आपल्या फत्हीमामाचं विसरलास? आधी वास यायला लागला, मग डोळे पिवळे, मग सहा महिन्यांत आटोपला. आणि दुःख कुठं साचतं? यकृतात. रडलास तू इनायातला? एक टिपूस काढला नाहीस. तेच आत नासलंय. आणि नजर तर लागलीच असणार." रिफअतनं फोन ठेवला. आरशापुढं डोळ्यांची पापणी ओढून पांढऱ्या भागात पिवळं दिसतंय का ते पाहू लागला. पिवळं म्हटलं तर पिवळं होतं. दिवाही पिवळा होता. आई म्हणायची, उपाशी तोंडाचा दर्प वर कस्तुरीसारखा पोचतो. मग खाल्लेल्या, खोट्या तोंडाचा कसा पोचत असेल? तिथं नाक कोणतं आहे, त्याला फरक कळतो का? त्याला हसूही आलं आणि भीतीही वाटली. भीती कशाची, ते धड सांगता येईना. सुहैरच्या त्या पोरीसाठी होती. तिला तो एकदाच भेटला होता, ईदच्या आदल्या दिवशी, आईबरोबर कचेरीत आली होती. मोठमोठ्यानं हसणारी, जाड वेणीची, पायानं दार ढकलणारी. तिच्या गळ्यात गाठ होती आणि तिच्या आईनं ती गाठ एका भामट्याच्या हवाली केली होती.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दातांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टर नेविन म्हणजे भरल्या अंगाची, गळ्यात छोटा सोन्याचा क्रूस, तोंडाचा पट्टा सदा चालू. "आ करा. अजून. अहो, लाजता कसले, मी रोज यातच मुक्कामाला असते. जीभ बाहेर. मागून, अशी. हं." तिनं बरंच काही खरवडलं आणि ते पांढऱ्या कापसावर त्याला दाखवलं, साय धरल्यासारखं पिवळट काहीतरी. "हे पाहा तुमचं पीक." तो म्हणाला, "पोट की यकृत?" "आता आणखी कोणाला विचारून आलात? बहुतेकांचा वास तोंडातलाच असतो, पोट उगाच बदनाम. मागच्या दाढेत खड्डा आहे, तो भरते. हिरड्या सुजल्यात. पण मूळ दुखणं वेगळंच. तुमच्या तोंडात पाणीच नाही. लाळ म्हणजे वाहता झरा हो, तो वाहता राहिला की सगळं धुऊन नेतो. तुमचा आटलाय. कसली गोळी घेता?" झोपेची, तो म्हणाला. "कधीपासून?" "तीन वर्षं." "कोणी दिली?" त्याला आठवेना. "ती बंद करायचं तुमच्या डॉक्टरला विचारा, ती तोंड सुकवते. सकाळी काय खाता?" "कॉफी. मग चारला घरी जाऊन जेवतो." "मधे पाणी, चहा?" "कोणी देत नाही." मग तिनं जरा हळू विचारलं, "आणि बोलता किती दिवसाचे?" हा प्रश्न त्याला समजला नाही. "बोलण्यानं लाळ सुटते, उस्ताज. उपसा नसलेल्या विहिरीचं पाणी कसं होतं? काल सकाळपासून आत्तापर्यंत कोणाकोणाशी बोललात?" तो मोजू लागला. सुहैर. औषधवाला. करीमा. आणि ही. त्याला एकदम वाटलं, इतकं तर आपण गेल्या महिनाभरात बोललो नव्हतो.

घरी येताना तो समुद्राच्या कठड्यावर टेकला. दाढ बधिर होती आणि डोक्यात गुंता झाला होता. म्हणजे कारण कोणतं? गोळी म्हणावी तर गोळी झोप येईना म्हणून, झोप येईना ती इनायात गेली म्हणून. गप्प राहणं म्हणावं, तर लोक बोलत नव्हते म्हणून तो गप्प, आणि लोक बोलत नव्हते ते वासामुळं, आणि वास गप्प राहण्यामुळं. कोंबडी आधी की अंडं? शिवाय सकाळी सहाच्या कॉफीपासून दुपारी चारपर्यंत त्याच्या पोटात अन्नाचा कण नसे, पाण्याचा घोट नसे, कारण कोणी विचारतच नसे. म्हणजे लोकांनी तो उपाशी आहे असं मानल्यानं तो खरोखरच उपाशी राहत होता. एक कॉफी आड येत होती, आणि एक नियत, उपासाचा मनातला संकल्प. नियत नसली तर उपास उपास नाही, नुसती उपासमार, हे लहान मूलही सांगेल. पण आठ महिने दहा-दहा तास उपाशी बसलेल्या माणसाचं वर कुठं काहीच लिहिलं जात नसेल? त्याला स्वतःचाच राग आला. हा हिशेब कोणापुढं मांडतोयस तू? ज्याच्याशी बोलणं टाकलंस त्याच्यापुढं? तीन वर्षांपूर्वी तो रमजानचा एकोणिसावा दिवस होता. हॉस्पिटलच्या गच्चीवर बांग ऐकून त्यानं पाण्याचा घोट घेतला होता आणि इनायातसाठी मागितलं होतं. काही शिल्लक न ठेवता मागितलं. इतकं, की ग्लासभर पाण्यातलं उरलेलं प्यायचंही राहिलं. खाली आला तेव्हा नर्स त्याच्याकडं न पाहता सलाईनची नळी गुंडाळत होती. त्याच पाच मिनिटांत. तेव्हापासून त्यानं कोणाकडं काही मागितलं नव्हतं, चहासुद्धा नाही. आणि आता सुहैर म्हणत होती, तुमचं मागणं परत येत नाही.

बुधवारी तोंडाला लवंगेचा वास होता. अम्म गाबिर ट्रे घेऊन जाता जाता रिफअतच्या टेबलापाशी थबकला, नाक जरा पुढं केलं, आणि त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर खुशी पसरली. "आज सुट्टी वाटतं? घ्या उस्ताज, घ्या. दोन चमचे साखर घातलीय. शरीराचाही काही हक्क असतो." आठ महिन्यांनी चहाचा ग्लास समोर आला. गरम, काळा, पुदिन्याचं पान वर तरंगणारा. रिफअतनं तो दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला आणि त्याचा जीव खरोखर सुखावला. मग त्याचं लक्ष गेलं. पलीकडून सुहैर त्या ग्लासाकडं बघत होती. तक्रार नव्हती तिच्या डोळ्यांत. ती जणू दिवस मोजत होती. बुधवार. आज नाही, बरोबर आहे, उद्या. तिनं मान हलवली आणि कामाला लागली. रिफअतनं ग्लास खाली ठेवला. उद्या हे तोंड असंच साफ राहिलं तर? नेमक्या तिच्या दिवशी यानं उपास टाकला, असं त्या बाईला वाटलं तर? दोन दिवस तो वास घालवण्यासाठी धडपडला होता आणि आता त्याला तो परत हवा होता. सांगून टाकावं. आत्ता. मदाम, मी काही धरत नाही, तो दाढेचा वास होता. दोनदा तो उठला. एकदा ती फोनवर रडत होती. दुसऱ्यांदा फोन ठेवून, डोळे पुसून तीच हसली आणि म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून जरा धीर आहे हो." तो खिडकी लावायला उठलो असं दाखवून खिडकी लावून आला.

गुरुवारी सकाळी त्यानं कॉफी केली नाही. ठरवून की विसरून, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गोळी घेतली नव्हती, झोप अर्धवट झाली होती. सुहैरचं टेबल रिकामं. अम्म गाबिरनं दुरूनच अंदाज घेतला आणि ट्रे वळवला. दुपारनंतर रेघा दुहेरी दिसू लागल्या. जीभ टाळ्याला चिकटू लागली, आणि तोंडात ती चव आली, राखेसारखी, जी त्याला फार पूर्वीपासून ओळखीची होती. चार वाजता पाय घराकडं वळायचे, ते ट्रामच्या थांब्याकडं वळले. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर सुहैर बाकावर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शेजारी काळ्या शालीतली एक खेडवळ म्हातारी पेंगत होती. त्याला पाहून सुहैर उठायला लागली, त्यानं हातानं बसवलं. "अडीच तास झाले," ती म्हणाली. "दीड सांगितला होता." तो तिच्याशेजारी बसला आणि आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही असं वाटून, तिच्याकडं न बघता, भिंतीवरच्या घड्याळाला सांगावं तसं सांगू लागला.

"मदाम, मी उपास करत नाही. तीन वर्षं झाली. रमजानातही नाही. तुम्हाला यायचा तो वास दाढेचा होता, गोळीचा होता. डॉक्टरनं सांगितलं. आणि दुसरं असं, की इनायातसाठी मी मागितलं होतं. खरा उपास होता, खरी बांग होती. आणि ती गेली. तेव्हा माझ्या मागण्यावर तुम्ही विसंबू नका. माझ्या तोंडचं मागणं लागू पडत नाही. उलटंच पडतं."

सुहैरच्या गळ्यातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं. "हे आज सांगायचं होतं तुम्हाला? उद्या नसतं का चाललं? आत्ता मी काय करू याचं, रिफअत? कुठं ठेवू?" पंचवीस वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली होती. तो उठू लागला तर तिनंच बाही धरून खाली ओढलं. "बसा. कुठं निघालात? आणि एवढं मोठं समजू नका स्वतःला. मी चौदा जणांना सांगितलंय. भाजीवाल्याला सांगितलंय, शेजारच्या डॉक्टर तादरूसच्या आईला सांगितलंय, ती तिच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे. तुम्ही पंधरावे. म्हणे, माझं उलटं पडतं! चौदा जणांच्या वर तुमचं एकट्याचं चालणार आहे होय?" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तरीही ती थोडी हसत होती. "आज काय खाल्लंत?" "काही नाही." "पाणी?" "नाही." "मग हा कोण उपाशी बसलाय माझ्या शेजारी?" ती विचारत होती ते रिफअतलाही विचारायचं होतं.

खिडकीतून बांग ऐकू आली. आधी लांबची, मग जवळची. सुहैरनं पर्समधून कागदाची पुडी काढली. एकच खजूर होता. तिनं तो मधोमध तोडला, बी काढून पर्समध्ये टाकली आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला. "आता गप्प राहा आणि मागा." त्यानं खजूर तोंडात घातला. चावता येईना, जीभ सुकली होती. मग हळूहळू गोडवा सुटला आणि गालांच्या आतून, कळ येऊन, पाणी आलं. त्यानं डोळे मिटले. पोरीचं नाव आठवत होतं, पण पुढचे शब्द सापडेनात. कुठून सुरू करतात? ओळख द्यायची असते का? तेवढ्यात दार उघडून एक नर्स बाहेर आली. "दुनियाची आई कोण? या. शुद्धीवर आलीय. आवाज ठीक आहे. भूलवाल्या डॉक्टरला शिव्या घालतेय." सुहैर किंचाळली आणि धावली. तिची पर्स खाली पडली, ती रिफअतनं उचलून मांडीवर घेतली. दार मिटलं. बांग अजून चालू होती.

तो बाकावर बसून राहिला. पोरगी बोलत होती. त्यानं तर काही मागितलंच नव्हतं, एक अक्षरही नाही. मग हे कोणाचं? चौदांपैकी कोणाचं? भाजीवाल्याचं, मेणबत्तीचं, की कोणाचंच नाही, नुसतं सर्जनचं? त्याला आनंद झाला होता. खरा, पोटातून आलेला आनंद, आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरं काहीतरी वर चढत होतं, तीन वर्षं खाली बसलेलं, त्याला नाव देता येईना. त्याचं तोंड ओलं होतं. "आणि इनायातच्या वेळी?" तो म्हणाला. बराच मोठ्यानं म्हणाला असावा. शेजारची म्हातारी दचकून जागी झाली, तिनं शालीचा पदर नाकाला लावला आणि जरा सरकून बसत विचारलं, "काय म्हणालास बाबा?"

"तुम्हाला नाही, आई," रिफअत म्हणाला, आणि त्यानं पुन्हा विचारलं.